रीमॅपनंतर घसरणारा क्लच आणि माझी निवड

माझ्या दोन लिटर टर्बो डिझेल गाडीचा मूळ टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 320 न्यूटन-मीटर होता. रीमॅपनंतर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलल्यावर, तो 400च्या आसपास गेला आणि महिनाभरातच खंबाटकी घाटात चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबताच आरपीएमचा काटा 2000 वरून 2800 वर चढला, वेग मात्र जागचा हलला नाही आणि गाडीत जळकट वास पसरला.

गिअरबॉक्स उतरवल्यावर क्लच प्लेट काचेसारखी गुळगुळीत झालेली आणि फ्लायव्हीलवर (इंजिनासोबत फिरणाऱ्या, क्लच प्लेट जिला चिकटते त्या जड चकतीवर) निळसर डाग उमटलेले दिसले. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती नाही, याची खात्री आधी करून घेतली, कारण तेलाने भिजलेली प्लेटही अशीच घसरते.

मेकॅनिकने सिरॅमिक प्लेट सुचवली. ती उष्णता उत्तम सोसते, परंतु अर्ध्या क्लचवर गाडी सरकवताना झटके देते. सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत तो छळ कोणी सोसावा? क्लचची क्षमता घर्षणगुणांक, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, घर्षणाची सरासरी त्रिज्या आणि घर्षणपृष्ठांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरत असल्यामुळे मी प्लेटचे अस्तर ऑरगॅनिकच (तंतू आणि रेझिनचे, मऊ पकड घेणारे) ठेवले आणि अधिक दाबाची प्रेशर प्लेट घेतली. या जोडीची क्षमता 480 न्यूटन-मीटर, म्हणजे गरजेपेक्षा सुमारे 20 टक्के अधिक आहे. फ्लायव्हील नवे, पण ड्युअल मासच, म्हणजे स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचे, कंप शोषणारे बसवले. एकसंध फ्लायव्हील स्वस्त पडते, परंतु डिझेल इंजिनाच्या आयडलिंगला गिअरबॉक्स खडखडतो.

नवी प्लेट नीट बसावी म्हणून पहिले 800 किलोमीटर पूर्ण टॉर्क न वापरता शहरातच चालवले. पेडल जड झाले आहे, हे डाव्या गुडघ्याला रोज कळते. घाटात मात्र आरपीएम आणि वेग आता बरोबरच चढतात.