पोसिलोपोरासोबत येणारा ट्रॅपेझिया खेकडा: घरी आणण्याआधीची तयारी

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पोसिलोपोरा हे फांद्या असलेलं दगडी प्रवाळ घेताना त्याच्या फांद्यांत नखाएवढा गुळगुळीत खेकडा दडलेला दिसला, तर तो काढून द्या असं विक्रेत्याला सांगू नका. तो ट्रॅपेझिया असेल तर प्रवाळाचा राखणदार आहे. प्रवाळावर साचलेला गाळ तो झाडतो, आणि समुद्रात काटेरी तारामासा चढू लागला की त्याचे पाय चिमटून त्याला हुसकावतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, पॅसिफिकमधल्या मूरिआ बेटावरच्या प्रयोगात प्रवाळाच्या ज्या तुकड्यांमधले खेकडे काढले होते, त्यांतले निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त महिन्याभरात मेले. खेकडे असलेले सगळे तगले. म्हणून तयारी प्रवाळ आणि खेकडा दोघांची मिळून करायची.

सगळ्यात आधी कागद. भारतात सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लक्षद्वीपचा असो की मालवणचा, समुद्रातून तोडलेला तुकडा घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी जातींनाही सायटीसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्यांची साखळी लागते. कागद दाखवता येत नसतील तर तो व्यवहार सोडून द्या. अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांनी टाकीत वाढवलेली प्रवाळाची वसाहतच (फांद्यांचं अख्खं झुडूप) मागावी, मात्र तिच्यात खेकडा बहुधा नसतो. तो वेगळा मिळवावा लागतो.

वसाहत येण्याच्या महिनाभर आधीपासून पाणी स्थिर हवं. क्षारता 35 पीपीटी (हजारात 35 भाग), तापमान 25 ते 26 अंश, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) डीकेएच या मापात 8 ते 9, कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1250 ते 1350, नायट्रेट 2 ते 10, हे तिन्ही पीपीएममध्ये (दहा लाखात भाग). आकडा गाठण्यापेक्षा तो हलू न देणं महत्त्वाचं. मुंबई-पुण्याच्या एप्रिलमध्ये पंख्यांवर भागत नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो. पंखे लावलेच तर बाष्पीभवन वाढतं, तेव्हा आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्याचा ऑटो टॉप-अप, म्हणजे घटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय, आधीच चालू करा. टाकीत पूर्वी तांब्याचं औषध घातलं असेल तर चाचणी करून तांबं शून्य असल्याची खात्री होईपर्यंत खेकडा आणू नका. जुने दगड तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडत राहतात.

माशांची यादी तपासा. हॉकफिश हा नेमका प्रवाळाच्या शेंड्यावर बसून खालच्या खेकड्यावर नजर ठेवणारा मासा. ट्रिगर, पफर आणि मोठे रास (wrasse) हे मासेही धोक्याचे. यांतला एखादा टाकीत असेल तर खेकडा आणायचा विचार सोडा.

वसाहत निदान 8 ते 10 सेंटीमीटरची, दाट फांद्यांची घ्या. खेकडा प्रवाळाचा चिकट स्राव आणि त्यातले चरबीचे कण खाऊन जगतो. पायांच्या टोकांवर बारीक केसांचा कुंचला असतो, त्याने फांदी खरवडतो आणि पाय तोंडाकडे नेतो. भिंग धरून पाहिलंत तर स्पष्ट दिसतं. दोन-तीन सेंटीमीटरच्या फ्रॅगला (कापून वाढवलेल्या तुकड्याला) हे खरवडणं सोसत नाही, पॉलिप (प्रवाळाचे बारीक जीव) मिटलेलेच राहतात. एका वसाहतीत एक खेकडा किंवा नर-मादीची एक जोडी. दोन नर सोडलेत तर एकाचे डेंगे तुटतील.

आता ओळख, कारण इथे झालेली चूक महागात पडते. ट्रॅपेझियाचं कवच चकचकीत, पुढे रुंद आणि मागे निमुळतं असतं. डेंगे लांब, जवळजवळ सारखे. अक्रोपोरा या दुसऱ्या फांद्यांच्या प्रवाळामध्ये टेट्रालिया खेकडा सापडतो, तो गोलसर, एक डेंगा मोठा, तोही चालतो. अंगभर केस, खडबडीत पाठ आणि डेंग्यांची टोकं काळी असतील तर संशय घ्या. सायमो हा त्यातलाच, अक्रोपोराचं मांस खातो आणि फांद्यांच्या बुडाशी पांढरा सांगाडा उघडा पाडतो. एका खुणेवर निकाल मात्र देऊ नका, काही ट्रॅपेझियांच्या डेंग्यांवरही लव असते. केस, रंग आणि प्रवाळावरची जखम, तिन्ही एकत्र पाहा.

आणायच्या दिवशी हाताशी असू द्या: दोन पांढरे डबे, टाकीचंच पाणी, प्लास्टिकची पिपेट, ठिबकची नळी, लाल टॉर्च, आणि बाटलीवरच्या मात्रेप्रमाणे कोरल डिप (प्रवाळ बुडवून त्यावरचे उपद्रवी जीव काढायचं औषध). गडबड बहुतेक डिपच्या वेळीच होते. खेकडा आत असताना पूर्ण मात्रेचं डिप दिलं की तो बाहेर पडतो खरा, पण अर्धमेला. म्हणून आधी पहिल्या डब्यात टाकीच्या पाण्यात वसाहत उलटी धरा आणि पिपेटने फांद्यांमध्ये पाण्याचे झोत मारा. चिमट्याने ओढू नका. तो फांदी सोडत नाही, पाय सोडतो. झोताने निघाला नाही तर अर्ध्या मात्रेच्या डिपमध्ये धरा, आणि खाली पडताच त्याला दुसऱ्या डब्यातल्या स्वच्छ पाण्यात हलवा. मग वसाहतीला पूर्ण डिप द्या, धुवा, बुडाशी चिकटलेली उपद्रवी जीवांची अंडी खरवडून काढा, कारण डिपने अंडी मरत नाहीत.

खेकड्याला तासभर ठिबकने पाणी मिळवा. दिवे मालवल्यावर पंप पंधरा मिनिटं बंद करून रुंद तोंडाच्या नळीतून थेट फांद्यांवर सोडा. वाळूवर पडला तर वसाहतीपर्यंत पोचेलच असं नाही.

पुढचे पंधरा दिवस रात्री लाल टॉर्चने पाहा. आठवड्यातून दोनदा बारीक केलेलं मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव, माशांचं खाद्य) फांद्यांजवळ सोडा. तळाशी पोकळ, आरपार दिसणारा खेकडा पडलेला आढळला तर मेला असं धरू नका. टाकलेलं कवच असेल. मालक आत मऊ अंगाने लपलेला असतो, तेव्हा तीन-चार दिवस वसाहतीला हात लावू नका. आणि खेकडा स्वतःहून बाहेर फिरू लागला, तर त्याच्यामागे न लागता आधी प्रवाळाचं बूड तपासा आणि अल्कलिनिटी मोजा.