एनॅमल आणि अ‍ॅक्रिलिक एकाच प्लास्टिक मॉडेलवर वापरताय? या चुका टाळा

"एनॅमलवर अ‍ॅक्रिलिक चालतं का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, एनॅमल (म्हणजे तेलाचा, स्पिरिटने पातळ होणारा रंग) मारलंस कधी? उत्तर बहुतेकदा "काल रात्री", आणि सगळा घोळ तिथेच आहे. हाताला कोरडं लागतं तेव्हा त्यातलं फक्त स्पिरिट उडालेलं असतं, रंग खरा कडक होतो तो हवेतला ऑक्सिजन घेऊन, त्याला कित्येक दिवस लागतात आणि ग्लॉस असेल तर आणखीच.

एका मित्राने स्पिटफायर विमानाच्या मॉडेलला रात्री ग्लॉस एनॅमल मारलं आणि डेकल (चिकटवायची चिन्हं) लावायची घाई म्हणून सकाळी वरून अल्कोहोलवालं अ‍ॅक्रिलिक क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, तेही जाडसर. संध्याकाळी पंखाच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा. मग गडी काय करतो, तर त्याच्यावर अजून एक कोट! खालचा थर अजून मऊच, तो हलतोय, मग वरचा फाटणार नाही तर काय? शेवटी सगळा रंग खरवडला, त्यात पॅनल लाइन, म्हणजे पत्र्याच्या जोडांच्या कोरीव रेघाही गेल्या, आणि वर म्हणे रंगच खराब होता. हेअर ड्रायरचा सल्ला देणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार, त्याने वर नुसती साय धरते, आत ओलं ते ओलंच.

मी नाकावर भरवसा ठेवतो. मॉडेल रात्रभर झाकणाच्या डब्यात, सकाळी झाकण उघडून हुंगायचं, वास आला म्हणजे रंग अजून कच्चा, परत आत.

त्यापेक्षा उलटा क्रम धरा ना. बेस अ‍ॅक्रिलिकचा, वर ग्लॉस क्लिअर, मग एनॅमल वॉश, म्हणजे रेघांत भरायचा खूप पातळ केलेला रंग. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला वॉशमधलं व्हाइट स्पिरिट सहसा काही करत नाही, त्यामुळे चुकलं तर पुसता येतं. फक्त वॉश ओतू नका! उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताणून बसवलेल्या जोडाशी तो साचला की प्लास्टिक तडकतं. ब्रशचं टोक रेघेला टेकवा, वॉश आपला आपण धावतो.

बाकी किरकोळ. दोन्ही रंग एका कपात मिसळू नका, गुठळ्याच होतात. टमिया कंपनीचा एक्स-२० थिनर (रंग पातळ करायचं द्रव) एनॅमलचा आणि एक्स-२०ए अ‍ॅक्रिलिकचा, त्या एका अक्षराकडे बघूनच बाटली उघडा. लॅकर थिनरने (हा जास्त जहाल असतो) पातळ केलेलं एनॅमल अ‍ॅक्रिलिकवर मारलं तर खालचा रंग उठू शकतो. आणि रंग बदलताना एअरब्रश (हवेने रंग फवारायचं पेन) नीट धुवा, नाहीतर नोझलमध्ये चिकट गोळा अडकतो आणि मग सुई काढून बसा साफ करत.