सीएसएसमधील सापेक्ष एकके : या चुका टाळा

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, रेम, ईएम, टक्के आणि व्हीडब्ल्यू ही एकके वापरली की वेबसाइट प्रत्येक स्क्रीनवर आपोआप नीट बसते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात यांतले प्रत्येक एकक कशाच्या तरी आधाराने मोजले जाते आणि तो आधार विसरला गेला की मांडणी बिघडते. रेम पानाच्या मुळाशी असलेल्या एचटीएमएल टॅगच्या फॉण्ट-साइजवरून (अक्षरांच्या आकारावरून), ईएम त्या-त्या ठिकाणच्या अक्षरांच्या आकारावरून, टक्के सहसा बाहेरच्या घटकावरून आणि व्हीडब्ल्यू स्क्रीनच्या रुंदीवरून मोजले जाते.

पहिली चूक मुळाशीच होते. हिशेब सोपा व्हावा म्हणून एचटीएमएल टॅगला १० पिक्सेलचा फॉण्ट-साइज दिला जातो. त्यामुळे ज्या वाचकाने नजर अधू असल्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये १६ ऐवजी २४ पिक्सेल निवडले आहेत, त्याची निवड रद्दच होते. तिथे टक्केच वापरावेत, किंवा मूळ आकाराला हातच लावू नये. मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो.

ईएम एकात एक आले की गुणाकार होत जातो. एकात एक असलेल्या याद्यांतील प्रत्येक नोंदीच्या एलआय टॅगला ०.८ ईएम फॉण्ट-साइज दिल्यास मूळ १६ पिक्सेलवरून पहिल्या पातळीवर १२.८, दुसऱ्या पातळीवर १०.२४ आणि तिसऱ्या पातळीवर जेमतेम ८ पिक्सेलची अक्षरे उरतात. अक्षरांसाठी रेम आणि बटणाच्या पॅडिंगसारख्या (आतल्या मोकळ्या जागेसारख्या) अक्षरांबरोबर वाढायला हव्या असलेल्या गोष्टींसाठी ईएम, ही विभागणी सोयीची ठरते.

मराठी मजकुराला सर्वाधिक फटका लाइन-हाइटमधल्या (ओळीच्या उंचीतल्या) चुकीचा बसतो. पानाचा सगळा मजकूर ज्यात असतो त्या बॉडी टॅगला १.५ ईएम अशी लाइन-हाइट दिली, की १६ पिक्सेलच्या हिशेबाने आलेले २४ पिक्सेल हे तयार उत्तरच वारशाने खाली जाते. मग ४० पिक्सेलच्या शीर्षकालाही तेवढीच उंची मिळते आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर व रफारांवर आदळतात. एकक न लावता नुसते १.५ लिहिल्यास प्रत्येक घटक स्वतःच्या अक्षरांवरून हिशेब करतो आणि शीर्षकाला ६० पिक्सेल मिळतात.

फॉण्ट-साइज केवळ व्हीडब्ल्यूमध्ये दिल्यास ब्राउझरमध्ये झूम करूनही अक्षरे मोठी होत नाहीत, ही वाचकाची सरळ अडवणूक आहे. त्याऐवजी मूल्याला किमान आणि कमाल मर्यादा घालणारे क्लॅम्प वापरावे : किमान १ रेम, मधले मूल्य ०.८ रेम अधिक १ व्हीडब्ल्यू आणि कमाल १.५ रेम.

डेस्कटॉपवर पान विनाकारण आडवे सरकत असेल, तर १०० व्हीडब्ल्यू रुंदीचा घटक शोधावा. त्या रुंदीत उभ्या स्क्रोलबारची जागाही धरलेली असते, म्हणून तिथे १०० टक्के पुरतात. मोबाइलवर १०० व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) उंचीच्या भागातले तळाचे बटण ॲड्रेस बारमुळे दिसेनासे होते. त्यासाठीचे, ॲड्रेस बार दिसतो-लपतो तशी बदलणारी उंची मोजणारे डीव्हीएच हे एकक २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. आधी १०० व्हीएच आणि त्याखालच्या ओळीत १०० डीव्हीएच लिहावे, म्हणजे जुना ब्राउझर न समजलेली दुसरी ओळ सोडून पहिलीच वापरतो.