मैदान आहे, सावलीही आहे; मग मुलं भिंतीकडेला का बसतात? शाळेचं मैदान आखताना या चुका टाळा

उन्हाळ्यात मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानाकडे दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा. घसरगुंडी रिकामी, झोके रिकामे आणि इमारतीच्या कडेला पडलेल्या हातभर सावलीत सगळी मुलं दाटीवाटीने. मग कुणीतरी म्हणतंच, हल्लीच्या मुलांना खेळायला नको. मुलांचं काही चुकलेलं नाही. सावली एकीकडे आणि खेळ दुसरीकडे, अशी आखणी मोठ्यांनीच केलेली असते.

सावली कागदावर मोजणं

नकाशात शेडनेटचा चौकोन झोक्यांच्या बरोबर वर दिसतो, म्हणून झोके सावलीत आले असं आपण धरून चालतो. पण सावली सरकते. नेट चार मीटर उंचीवर असेल, तर सूर्य 45 अंशांवर असताना तिची सावली चार मीटर बाजूला पडते. ऊन कलून 30 अंशांवर आलं की तेच अंतर सात मीटरच्या आसपास जातं. म्हणजे खेळाच्या तासाला नेट रिकाम्या जमिनीला सावली देतंय आणि झोके तापतायत!

उपाय अगदी साधा आहे. कडक उन्हाच्या दिवसांत, मुलं प्रत्यक्ष मैदानात असतात त्या वेळी, आहे त्या सावलीची कड चुन्याने आखा. सकाळी, मधल्या सुट्टीत, दुपारच्या तासाला. दोन-तीन दिवसांत मैदान स्वतःच सांगतं की काय कुठे हवं. खेळणी अजून पक्की बसवली नसतील तर आधी तीच हलवा. नवीन छत उभारण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडतं.

डोळ्यांना हिरवं ते थंड समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. खरं गवत पानांतून पाणी बाहेर टाकतं, म्हणून गार राहतं. कृत्रिम हिरवळ हे करू शकत नाही. हवा 35 अंश असताना भर उन्हातली कृत्रिम हिरवळ किंवा गडद रंगाचं रबर सहज 60 अंशांच्या वर जातं. इतक्या तापलेल्या धातूला काही सेकंद हात लागला तरी भाजतं आणि लहान मुलांची कातडी तर आपल्यापेक्षा पातळ. शिवाय हवामानाच्या बातमीत सांगतात ते तापमान सावलीतलं असतं, हे विसरू नका.

खरेदीआधी नमुन्याचा तुकडा दुपारभर उन्हात ठेवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. तो नसेल तर तळहाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल, तर मुलांनी तिथे बसावं कसं?

यावर पटकन सुचणारा तोडगा म्हणजे सगळं पांढरं रंगवून टाकणं. जमीन थंड होते हे खरं, पण परावर्तित ऊन मुलांच्या अंगावर आणि डोळ्यांवर येतं. झगझगीत पांढऱ्यापेक्षा फिकट मातकट रंग आणि वर सावली, ही जोडी मला जास्त पटते. झोक्यांखालचं रबर मात्र उन्हाच्या भीतीने काढू नका. पडलेल्या मुलाला तेच वाचवतं. त्यावर सावली आणा.

सगळ्यात चांगल्या सावलीत बाक

मोठ्या झाडाखाली हमखास बाक सापडतात. तिथे लंगडीच्या चौकटी आखा, दोरीउड्यांना जागा सोडा, चढायची जाळी बांधा. बाक कडेला सरकवा. बसणारा सावलीबरोबर जागा बदलू शकतो, जाळी बदलू शकत नाही.

बुटकं पत्र्याचं छत

पत्रा तापला की खाली उष्णता फेकतो. छत उंच, बाजू मोकळ्या आणि पत्र्याखाली थोडी फट सोडून दुसरा थर, एवढं तरी हवंच. पाण्याचे तुषार सोडायची कल्पना कोरड्या हवेत कामाला येते, दमट हवेत फक्त कपडे भिजतात.

झाड लावून मोकळं होणं

बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की झाड जगतं, पण वाढत नाही. प्रशस्त आळं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन आणि पहिले दोन-तीन उन्हाळे नेमाने पाणी हवं. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, तेव्हा खेळाच्या पश्चिमेला लावलेलं झाड जास्त उपयोगी. ते मोठं होईपर्यंत मांडवावर वेल चढवा किंवा शेडनेट ताणा. पॅरिसमध्ये 2018 पासून शाळांच्या अंगणांतलं डांबर उखडून माती आणि झाडं आणली जातायत. आपल्याकडे माती अजून शिल्लक असेल, तर ती आधी झाकू नका.

एवढं करूनही मुलं पहिल्या दिवसापासून धावतील असं नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात. लांब सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिले दोन आठवडे खेळाचा तास सकाळी घ्या आणि पाण्याचा नळ खेळाच्या जागेवरून दिसेल असा ठेवा. नळ इमारतीच्या मागे असेल, तर खेळ सोडून कुणी पाणी प्यायला जात नाही.