जिनिंगमध्ये नव्या सुपरवायझरनं बोलावं कसं

दिवाळीच्या आगेमागे विदर्भातल्या जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, सुरू होतात. काटा, मशिनी, प्रेस हे सगळं नव्या सुपरवायझरला महिन्याभरात कळतं, माणसांशी बोलणं मात्र सीझन सरला तरी जमत नाही. तुमचं बोलणं चांगलं की वाईट, हे एकाच गोष्टीवरून ओळखा: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते.

कापसातून खिळा किंवा खडा मशिनीत गेला की ठिणगी पडते. धुमसती रुई प्रेसमध्ये दाबली गेली, तर १७० किलोची गाठ आतल्या आत धुमसत राहते आणि कधी कधी काही दिवसांनी गोदामात पेट घेते. ती गाठ वेळीच बाजूला काढायची, तर "जळका वास येते" असं कोणीतरी लगेच बोललं पाहिजे. मागच्या खेपेला वास म्हणजे नुसता भास निघाला आणि मशिनी बंद केल्याबद्दल त्याला चारचौघांत झापलं असेल, तर आता तो आधी स्वतःची खात्री करत बसतो. तेवढ्यात रुई प्रेसमध्ये जाते. खोट्या इशाऱ्यावर चिडू नका. "बरं झालं सांगितलं" म्हणा, पाहणी करा, मशिनी चालू करा.

काट्यावरच्या पोराचंही तसंच. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर कापूस परत जातो. "किती वेळ लावतं बे" म्हणून रोज हाकललं, की तो गाडीच्या वरच्या थरात एकदाच मीटर खुपसतो. खालचा ओला माल मशिनीवर गेल्यावरच कळतो.

"तुले समजत नाही का बे?" यातून हातानं करण्यासारखं काहीच निघत नाही. "काका, तीन नंबरच्या मशिनीतून सरकी तुटून येते, सुरी पाहून घ्या" यातून निघतं. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट घसरलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की असं होतं, असं ते सांगतात. म्हणजे "तू लय हुशार" ही शाबासकीही फारशी कामाची नाही. काय बरोबर केलं ते सांगा.

आपल्याकडे "बे" प्रेमानंही म्हणतात, हे खरं. पण ते बरोबरीच्यांत. बापाच्या वयाच्या हमालाला भाऊ किंवा काका, कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांना ताई किंवा मावशी म्हणा. बायांसमोरची अश्लील थट्टा हा वेगळाच विषय आहे: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि तक्रार तिथं जाते.

पाळी बदलताना दहा मिनिटं मशिनीजवळच उभं राहून बोला. "सगळं बरोबर ना?" विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. "आज कोणती मशीन अडकली, कोणता ढीग ओला?" असं विचारा. वहीत बिघाड, वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. चूक कोणाची, हा रकाना ठेवूच नका.