आयव्हीएफ न करताही ओव्हरी सुजली तर काय करायचं

दिवस आपोआप राहिलेत, कसली इंजेक्शनं नाहीत की गोळ्या नाहीत, आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास पोट भराभर फुगायला लागलं, तर गॅस म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा गॅसच असतो हो, पण फार क्वचित ते ओएचएसएस (ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम, एरवी आयव्हीएफच्या इंजेक्शनांनंतर होणारा त्रास) निघतं, म्हणजे दोन्ही ओव्हरी सिस्टनी, पाण्याच्या गाठींनी, भरून मोठ्या होतात आणि रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात, कधीकधी छातीतही साठतं. आपोआप राहिलेल्या प्रेग्नन्सीत हे साधारण ८ ते १४ आठवड्यांत दिसतं.

निदान झालं आणि डॉक्टरांनी घरी पाठवलं की रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करा, टेप बेंबीवरून फिरवून पोटाचा घेर मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, आडवं पडल्यावर दम लागला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या म्हणजे ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो, एकच पाय सुजून दुखत असेल तर रक्ताची गुठळी, अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचंच नाही.

डॉक्टरांना टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, आवर्जून विचारा. थायरॉइड खूपच कमी असेल तर वाढलेलं टीएसएच ओव्हरीलाच चाळवतं, आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली की सूज उतरायला मदत होते, म्हणजे इतकी साधी टेस्ट राहून जाता कामा नये. जुळं किंवा मोलर प्रेग्नन्सी (वारेची चुकीची वाढ होऊन द्राक्षासारखे फुगे होतात ती) आहे का तेही सोनोग्राफीत बघायला सांगा, कारण त्यात एचसीजी, म्हणजे ओव्हरीला चाळवणारं प्रेग्नन्सीचं हार्मोन, जास्त असतं.

आणि एक, मोठ्या ओव्हरी, पोटात पाणी, वर सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) वाढलेलं, एवढं बघून कॅन्सरची शंका येते आणि ऑपरेशनची भाषा सुरू होते. सीए-१२५ प्रेग्नन्सीत आणि ओएचएसएसमध्येही वाढतं, त्यामुळे पीळ पडणं किंवा आत रक्तस्राव असं तातडीचं काही नसेल तर सेकंड ओपिनियन घ्याच.

दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन नको. पाणी उतरवायला लघवीच्या गोळ्या मनाने अजिबात घेऊ नका, रक्त आधीच घट्ट झालेलं असतं. दगदग, जोराचा व्यायाम आणि संबंध सध्या बंद, पण नुसतं अंथरुणावर पडूनही राहू नका, घरातल्या घरात चालत राहा. काहींना पुढच्या वेळीही हे होतं, तेव्हा पुन्हा दिवस राहिले की पहिल्याच व्हिजिटला जुने रिपोर्ट दाखवा.