शाळेत सायबर छळाविषयी शिकवताना या चुका टाळा

वर्षातून एकदा सगळे वर्ग सभागृहात बसवून सायबर सुरक्षेचे व्याख्यान घ्यायचे आणि शेवटी प्रतिज्ञा म्हणवून घ्यायची, एवढ्यावर अनेक शाळा थांबतात. त्यानंतर तक्रार आली नाही, की आपल्याकडे मोबाइल-इंटरनेटवरून छळण्याचा हा प्रकारच नाही असे मानले जाते. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण सांगितले तर आधी आपलाच मोबाइल जाईल, हे मुलांना पक्के ठाऊक असते. जिच्या फोटोचे स्टिकर वर्गाच्या ग्रुपवर फिरत आहेत, तिलाच ‘तू मोबाइल वापरू नकोस’ असे बजावणे म्हणजे जिचा छळ झाला तिलाच शिक्षा देणे होय. म्हणून पहिल्याच तासाला, आणि पालक सभेतही, जो सांगेल त्याचा मोबाइल काढून घेतला जाणार नाही, असे स्पष्ट सांगावे आणि तो शब्द पाळावा.

दुसरी चूक म्हणजे केवळ छळणारा आणि छळ सोसणारा या दोघांशीच बोलणे. ग्रुपवरची बाकीची मुले पाहत असतात, आणि त्यांनी टाकलेली हसण्याची एक इमोजीसुद्धा छळणाऱ्याला बळ देते. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ या शालेय उपक्रमाचा भर नेमका या बघ्यांवर आहे. आपल्याकडेही एक काल्पनिक संवाद फळ्यावर लिहून ‘इथे तुम्ही काय लिहाल?’ असे विचारता येते. सर्वांसमोर विरोध करण्याचे धाडस प्रत्येकाला होणार नाही. पण ‘मी तुझ्या बाजूने आहे, आपण बाईंना सांगू’ एवढा खाजगी निरोप कोणीही पाठवू शकतो.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ वर्षे असली, तरी पाचवी-सहावीतली मुले घरच्यांच्या फोनवरून तिथे असतातच, त्यामुळे आठवीत सुरू केलेले शिक्षण उशिराचे ठरते. छळणारा आणि छळ सोसणारा या दोघांना समोरासमोर उभे करून माफी मागायला लावणेही टाळावे. आधी दोघांचे वेगवेगळे ऐकून घ्यावे.

पुराव्याबाबत मात्र मोठ्यांचाच गोंधळ उडतो. मजकूर आपोआप नाहीसा होण्याची सोय चालू असेल, तर तो २४ तासांतही जाऊ शकतो. म्हणून ब्लॉक करण्याआधी नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. परंतु मुलाचे किंवा मुलीचे अश्लील छायाचित्र असेल, तर ते ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर किंवा मुख्याध्यापकांना कदापि पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार असे साहित्य गोळा करणे आणि पाठवणे हाच गुन्हा आहे. तो फोन तसाच ठेवून पोलिसांना कळवावे. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती देणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा साहित्याची तक्रार नाव न देताही करता येते, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. हा क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा.